सहा फुटांचं कुंपण आणि एकतीस हरकती

मी मुळात रागीट माणूस नाही, असं मी म्हटलं की बायको शिलाई मशीन थांबवते आणि माझ्याकडे बघते.  नुसती बघते आणि पुन्हा मशीन सुरू करते. तेव्हा ते राहू द्या. आहे मी रागीट. पण तुम्हीच सांगा, रविवारी सकाळी दूध आणायला म्हणून तुम्ही घराबाहेर पडलात, सहज मागे वळून बघितलंत, आणि ज्या कुंपणाला तुम्ही स्वतःच्या हातानं दोनदा रंग दिलाय त्यावर कोणीतरी वाडगाभर खळ थापून पालिकेची नोटीस चिकटवलेली दिसली, तर तुम्ही काय टाळ्या वाजवाल?

नोटीस निवासी कुंपणांच्या सुरक्षिततेबद्दल होती. नियमांचा मसुदा तयार झालेला असून त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत, असं वर ठळक लिहिलं होतं. खाली नियम. पहिला, रस्त्यालगतचं कुंपण चार फुटांपेक्षा उंच असू नये. दुसरा, त्यावर टोकदार सळ्या, काचा, काटेरी तार वगैरे असू नये. तिसरा, फाटकाची कडी बाहेरून हात घालून उघडता आली पाहिजे.

तिसरा नियम वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (दूध राहिलंच. त्यावरून घरात जे झालं तो वेगळा विषय.)

अशा वेळी माणसं काय करतात? दोन शिव्या देतात, चहा पितात आणि विसरतात. मीही आजवर तेच करत आलो. त्या दिवशी मात्र मी ठरवलं, की आपण हरकत घ्यायची. लेखी. एवढंच ठरवलं हो. पण त्या एवढ्याशा ठरवण्यानं पुढे मला गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाही.

आता आमचं कुंपण सहा फुटांचं का, ते सांगतो. हौस म्हणून नाही. अण्णांमुळे.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी. कापडाच्या एका मोठ्या कारखान्याच्या गेटवर ते चाळीस वर्षं टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत आलं, कोण किती वाजता बाहेर गेलं, हे वहीत लिहायचं. सात वाजून पाच मिनिटांनी आलेल्या माणसाला ते सात वाजून पाच मिनिटांनीच आलेला लिहायचे, मग तो मॅनेजर का असेना. तो कारखाना बंद पडून जमाना झाला. त्या जागी आता सोफ्यांचं दुकान आहे. पण अण्णांना ते पटत नाही. तीन वर्षांपासून त्यांची आठवण अशी झालीये, की घड्याळ बरोबर चालतं आणि सालाचा पत्ता नसतो. सकाळी सातला उठून इस्त्रीचा शर्ट घालायचा, बूट चढवायचे आणि कामावर निघायचं. बहुतेक वेळा आम्ही त्यांना कोपऱ्यावर गाठायचो.

गेल्या वर्षी एकदा नाही गाठलं.

नऊ तास. त्या नऊ तासांत मी स्कूटरवरून सगळं शहर पालथं घातलं. तीन दवाखाने झाले, स्टेशन झालं, नदीचा काठ दोनदा झाला. नदीकाठी मी काय शोधत होतो, ते मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. संध्याकाळी एका बस कंडक्टरचा फोन आला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बसचा डेपो आहे, त्याच्या गेटवर अण्णा उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला उशीर का झाला म्हणून विचारत होते. मी पोचलो आणि त्यांच्यावर ओरडायला लागलो. ओरडता ओरडता मला रडू फुटलं. चारपाच ड्रायव्हरांच्या देखत, बावन्न वर्षांचा घोडा, हमसून हमसून रडलो. अण्णा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पुढच्याच आठवड्यात मी कुंपण घातलं. सहा फूट उंच फळ्या, एकीला एक खेटून, बोट जाईल एवढीही फट नाही. आणि कडी माझ्या स्वतःच्या डोक्यातली. ती आतल्या बाजूला, अगदी खाली, एका फळीच्या मागे. आधी खाली वाकायचं, फळीमागे हात घालून खुंटी वर उचलायची आणि ती धरून ठेवत फाटक डावीकडे रेटायचं. फाटक लागलं की खुंटी आपोआप खाली पडायची. बायकोला ते दोनदा प्रयत्न केल्याशिवाय उघडत नाही. मला स्वतःला दीड वेळा. पण गुण आला ना! कुंपण उभं राहिल्यापासून अण्णा एकदाही घराबाहेर पडले नाहीत. पडायचा प्रयत्नही केला नाही. अंगणात खुर्ची टाकून फळ्यांकडे बघत बसायचे. त्याचं सगळं श्रेय मी माझ्या कडीला देत होतो आणि येईल-जाईल त्याला ती कौतुकानं दाखवत होतो.

आणि आता पालिका म्हणते, दोन फूट कापा. कडी अशी लावा की रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही उघडता येईल. का, तर म्हणे सुरक्षितता. अरे, कोणाची सुरक्षितता? माझा बाप पुन्हा नऊ तास हरवला तर त्या नोटिशीवर सही करणारा साहेब येणार आहे का नदीकाठी?

पण मी स्वतः ऑफिसात काम करतो. एकट्या माणसाच्या हरकतीचं काय होतं ते मला माहीत आहे. तिला टाचणी लागते आणि ती फाइलीत झोपते. म्हणून मी अख्खी गल्ली उठवायची ठरवली. अर्जांचा गठ्ठा घेतला आणि दारोदार फिरलो.

पहिलं घर शेजारचं. या शेजाऱ्यांचं आडनाव वेगळंच आहे, पण त्यांच्या कुंपणाला आजोबांच्या काळातले लोखंडी भाले आहेत म्हणून सगळी गल्ली त्यांना भालेराव म्हणते. (त्या भाल्यांनी आजवर माझे तीन शर्ट फाडलेत. पण लढाईत असलं मनात ठेवायचं नसतं.) भालेरावांनी नोटीस वाचली आणि त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. अर्जावरची जागा पुरेना म्हणून त्यांनी मागच्या बाजूलाही लिहिलं. त्यांच्या पुढच्या घरात भिंतीवर काचा लावलेल्या होत्या, त्याच्या पुढच्या घरात उड्या मारणारा कुत्रा होता, आणि एका म्हाताऱ्या बाईंकडे कुंपणच नव्हतं, पण पालिकेवर त्यांचा जुना राग होता. आठवड्यात एकतीस हरकती जमल्या. एकतीस माणसांचं एका गोष्टीवर एकमत व्हायची आमच्या गल्लीतली ही पहिलीच वेळ. सगळ्यांनी कागद माझ्याच हातात दिले, कारण कागदाचं कसं करायचं ते ऑफिसातल्या माणसाला कळतं, असा त्यांचा विश्वास होता.

रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर सगळे अर्ज मांडून बसलो. एकेक वाचायचा, पत्ता बघायचा, सही बघायची, खाली ठेवायचा. बायको समोर मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. मधेच म्हणाली, मला काही तो नियम अगदीच वाईट वाटत नाही.

मी हातातला कागद तसाच धरून तिच्याकडे बघितलं.

"अण्णा दिवसभर त्या फळ्या बघत बसतात हो," ती म्हणाली. "परवा मला विचारत होते, सूनबाई, संप मिटला का? मी म्हटलं, कसला संप? तर म्हणाले, गेटवर कोणीच येत नाही हल्ली."

झालं, माझं डोकं फिरलं. म्हटलं, फळ्या बघत बसतात ते बरं, की बसच्या चाकाखाली येतात ते बरं? ती म्हणाली, मी असं कुठं म्हटलं. मी म्हटलं, मग कसं म्हटलंस? ती म्हणाली, ओरडू नका, अण्णा झोपलेत. मी म्हटलं, मी ओरडत नाहीये. (अण्णा आतून म्हणाले, कोण ओरडतंय?) भांडण तासभर चाललं. तोंड तिच्याशी भांडत होतं आणि हात मुकाट्यानं आपलं काम करत होते. भांडण संपलं तेव्हा बघतो तर एकतीसच्या एकतीस अर्ज हातावेगळे झालेले, सरळ रेषेत लावलेले, वर टाचणीसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी ते पालिकेत नेऊन दिले आणि पोच घेतली.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात होती, सकाळी अकराला. बायको अण्णांजवळ घरी थांबली. मी फोन बंद करून पहिल्या रांगेत बसलो. मागे गल्ली. माझ्या शेजारी भालेराव, कडक इस्त्रीत. समोर सुनावणी अधिकारी म्हणून एक चष्मेवाल्या बाई होत्या, आणि त्यांच्या बाजूला सगळं लिहून घेणारा लेखनिक. बाई इतक्या शांत होत्या की त्यांच्या शांतपणाचाच मला राग आला.

"तुमच्या गल्लीतून एकतीस पत्रं आली," त्या म्हणाल्या. "इतका भरघोस पाठिंबा आम्हाला दुसऱ्या कुठूनही आला नाही. आभारी आहोत."

"पाठिंबा?" मी उठलो. "बाई, विरोध आहे. कडाडून."

"वर विरोध आहे," बाई म्हणाल्या. "खाली पाठिंबा आहे."

त्यांनी एक कागद माझ्यापुढे धरला. भालेरावांचा होता. आजोबांपासून सुरुवात करून त्यांनी पालिकेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आणि त्याच्याखाली, उजव्या कोपऱ्यात, निळ्या शाईत, सुरेख वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पाहिले. हरकत नाही.’ खाली सही. खाली तारीख.

अक्षर माझं. सहीही माझी.

आता तुम्हाला माझी नोकरी सांगायला हवी. मी अग्निशमन कार्यालयात ना-हरकत दाखल्यांच्या टेबलावर आहे. कोणी दुकान काढो, हॉल बांधो, मजला चढवो, त्याचा कागद माझ्यापुढे येतो. मी तो वाचतो आणि उजव्या कोपऱ्यात लिहितो, पाहिले, हरकत नाही. दिवसाला पन्नास. बावीस वर्षं. किराणा सामानाच्या यादीवर मी हे लिहिलेलं आहे. मुलगी शाळेत असताना तिच्या नापास झालेल्या पेपरवर लिहिलेलं आहे. कागद पुढे आला आणि वाचून झाला, की हात तिथं जातो आणि लिहून मोकळा होतो. मला विचारतसुद्धा नाही.

बाईंनी दुसरा कागद दाखवला. तिसरा दाखवला. कुत्र्याचा, काचांचा, म्हाताऱ्या बाईंचा. एकतिसावा माझा स्वतःचा होता. माझ्याच हरकतीवर मी लिहिलं होतं, की माझी हरकत नाही.

"ही सही तुमची?"

"सही माझी आहे," मी म्हटलं, "पण म्हणणं माझं नाही."

"मग कोणाचं आहे?"

"हाताचं."

भालेरावांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्यापुढे त्यांचे भाले मऊ म्हणायचे.

"म्हणजे तुमची हरकत आहे का?" बाईंनी विचारलं.

"आहे. या हरकत नाहीला माझी हरकत आहे."

"मॅडम," लेखनिक म्हणाला, "हे मी कसं लिहू?"

मग मात्र माझा बांध फुटला. मी दहा मिनिटं बोललो. पालिकेवर बोललो, खळीवर बोललो, कुंपणाच्या रंगाला किती घाम गेलाय ते बोललो, आणि मग अण्णांवर आलो. नऊ तासांवर आलो. आवाज कधी बसला ते कळलं नाही.  बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, की वयस्कर माणूस घरात असेल तर वेगळा विचार करता येईल, पण हे सगळं लेखी हवं. त्यासाठी आठ दिवसांची मुदत देते, चालेल का तुम्हाला?

किती भली बाई. माझं मन भरून आलं. मी हात जोडले आणि म्हणालो, "हरकत नाही."

लेखनिकानं ते लगेच लिहून घेतलं. इतक्या वेळात त्याला लिहिता येईल असं मी पहिलंच वाक्य बोललो होतो.

बाईंना गंमत कळली होती, त्या हसू दाबत होत्या आणि काहीतरी दुरुस्त करायला सांगत होत्या. पण मागे गल्ली उठून उभी राहिली होती. मी बाहेर पडलो. माझ्यामागे तीस घरांची माणसं, मोर्चा निघावा तशी. कुत्रेवाला मोठ्यानं विचारत होता की मला पालिकेनं किती वर्षांपासून फितवलंय. 

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मला बायको दिसली. ती आमच्या कुंपणाच्या बाहेर, रस्त्यावर, फळ्यांना दोन्ही तळहात टेकून उभी होती.

झालं होतं असं, की कोणीतरी शिवलेले गणवेश न्यायला आलं. ते द्यायला ती फाटकाबाहेर एक पाऊल आली. मागे फाटक लोटलं गेलं, खुंटी खाली पडली आणि फाटक लागलं. बाहेरून उघडायची सोयच नाही. ती मीच ठेवली नव्हती. घराचं दार उघडं, अण्णा आत, ती बाहेर. तिचा आवाज ऐकून अण्णा अंगणात यायला निघाले आणि पायरीवरून पडले. पडल्याचं तिला ऐकू आलं. दिसलं काहीच नाही. मी एवढीसुद्धा फट सोडली नव्हती ना. कोणाचा तरी फोन घेऊन तिनं मला चौदा वेळा फोन केला, मग अग्निशमन दलाला केला.

  ती मला म्हणाली, "आवाज येत होता तोवर मी धीर धरला होता. आता येत नाहीये."

मी कुंपणावर धावलो. कुठं पाय ठेवावा तर आधार नाही, हात कुठं धरावा तर खाच नाही, असं पक्कं काम. करणाऱ्याच्या नावानं मी तिथं उभ्या उभ्या काय काय बोललो ते मलाच माहीत. शेवटी भालेराव पुढे आले. खाली वाकले आणि त्यांनी पाठ दिली. मी त्यांच्या कडक इस्त्रीवर बुटासकट चढलो, पोटावर कुंपणाच्या वर पोचलो, आणि तिथंच अडकलो. एक खिळा मी नीट ठोकला नव्हता. त्यानं माझी पँट कमरेपाशी धरून ठेवली. डोकं आत, पाय बाहेर, खाली गल्ली.

पण अण्णा दिसले. भिंतीला टेकून, पाय लांब करून, जमिनीवर बसले होते. गुडघ्यातून रक्त येत होतं. ते माझ्याकडेच बघत होते.

"अण्णा," मी म्हटलं, "फार लागलं का?"

"वरून येणाऱ्यांची हजेरी लागत नाही," अण्णा म्हणाले. "गेटनं या."

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथं लटकल्या लटकल्या पुन्हा रडलो. (गल्लीला फक्त माझे पाय हलताना दिसले. कुत्रेवाल्याच्या मते मी हसत होतो.)

घंटा वाजवत गाडी आली. आमच्याच कार्यालयाची. तुकडीचा प्रमुख मला रोज ऑफिसात बघतो, पण या बाजूनं त्यानं मला पहिल्यांदाच बघितलं. त्यानं विचारलं, साहेब, कडी कुठं आहे? मी वरून सगळं नीट समजावून सांगितलं. खाली, फळीच्या मागे, खुंटी वर, धरून ठेवायची, मग डावीकडे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि माणसांना करवत आणायला सांगितलं. मला शिडीवरून काढलं, चार फळ्या कापल्या आणि आत गेले. डॉक्टर येऊन गेले. हाड मोडलेलं नव्हतं, नुसतं सोलवटलं होतं. बायको अण्णांचा हात धरून बसली.

निघताना प्रमुख म्हणाला, "राग मानू नका साहेब, पण असल्याच कुंपणांसाठी आम्ही तो कडीचा नियम सुचवला होता. मागच्या वर्षी आमचा कागद तुमच्याच टेबलावरून वर गेला."

मी खालच्या आवाजात विचारलं, की मी त्यावर काही लिहिलं होतं का.

"नेहमीचंच," तो म्हणाला.

तेव्हा मला जो राग आला तसा जन्मात आला नव्हता. आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं. पालिकेवर काढावा तर पालिका बरोबर. बायकोवर काढावा तर ती आधीपासून बरोबर. दोन दिवस मी अंगणात नुसत्या फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी करवत घेतली आणि उरलेलं कुंपण स्वतःच चार फुटांवर आणलं. प्रत्येक फळी कापताना शिवी घालत होतो. ती कोणाला, ते विचारू नका. कडी साधी लावली. वरून हात घातला की एका बोटानं उघडते.

पुढची सकाळ माझी कशी गेली ते सांगता येत नाही. साडेसहालाच मी पायात चपला घालून खिडकीच्या पडद्यामागे उभा होतो, स्कूटरची किल्ली हातात धरून. सात वाजता अण्णा उठले. शर्ट घातला, बूट घातले आणि फाटकाशी आले. एका बोटानं कडी उघडली. रस्त्याच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. मी दाराकडे एक पाऊल टाकलं. मग अण्णांनी फाटक ओढून घेतलं, कडी लावली, खुर्ची पुढे सरकवली आणि आतच बसले. पाच मिनिटांनी भालेराव फिरून परत येत होते.

"सात वाजून बारा," अण्णा म्हणाले.

भालेराव थांबले. त्यांच्या आजोबांचे भाले माझ्यामुळे जाणार होते, त्यांच्या पाठीवर माझे बूट उमटून गेले होते. त्यांनी ताठ उभं राहून अण्णांना सलाम केला आणि म्हणाले, उशीर झाला साहेब, उद्या होणार नाही.

आता चार महिने झाले. अण्णांना बायकोनं एक वही दिलीये. गल्लीतला प्रत्येक माणूस जाता-येता थांबतो, नाव सांगतो, वेळ सांगतो. कुत्रेवाला कुत्र्याचीही हजेरी लावतो. माझ्याशी अजून कोणी धड बोलत नाही, अण्णांशी सगळे बोलतात. आणि अण्णा एकदाही फाटकाबाहेर गेलेले नाहीत. एका बोटानं उघडतं ते फाटक, तरी नाही. याचाही मला राग येतो, खरं सांगतो. मी जीव तोडून सहा फूट उभे केले होते. आता नुसती एक कडी, आणि माणूस जागचा हलत नाही? मला कळेना, यांना अडवतंय तरी काय.

गेल्या आठवड्यात ऑफिसातून यायला मला उशीर झाला. फाटकाशी आलो, कडीला हात घातला, तर अण्णांनी माझ्या हातावर पेन्सिल आपटली.

"नाव?"

मी नाव सांगितलं. अण्णांनी वहीत बोट फिरवलं आणि मान हलवली.

"वेळ टळून गेली. आता आत सोडता येत नाही."

"अण्णा, मी तुमचा मुलगा."

"इथं सगळे असंच सांगतात," अण्णा म्हणाले.

दिवसभराचा शीण, त्यात हे. अख्ख्या गल्लीला हा माणूस नावानिशी ओळखतो आणि ज्यानं याच्यासाठी शहर पालथं घातलं त्याला दारात उभा करतो. मी चिडून म्हटलं, "मग तुमचा खरा मुलगा कुठं आहे?"

अण्णांनी घराकडे बघितलं, मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"आत असेल. त्याच्यासाठीच तर इथं बसतो. तापट आहे, पण मनानं चांगला आहे. मी बाहेर गेलो की हरवतो बिचारा. मागे एकदा नऊ तास सापडला नव्हता. सापडला तेव्हा नुसता रडत होता. तेव्हापासून मी कुठं जात नाही."

मी कडीवरचा हात काढला आणि फाटकाबाहेर सरळ उभा राहिलो.  मग म्हटलं, उशीर झाला, चूक झाली, उशिराच्या रकान्यात सही करतो, मग तरी आत घ्या. आणि लिहायला पेन्सिल मागितली.

"आपली आपण आणायची," अण्णा म्हणाले, आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या कुत्रेवाल्याच्या कुत्र्याला आधी आत घेतलं.